पंखा तेवढा बंद करा

"दादा, पंखा तेवढा बंद करा."

आमच्या सूतगिरणीत बाईंनी उच्चारलेलं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, ओळख नाही. खांद्यावर कापडी पिशवी, पायात धुळीनं माखलेल्या चपला, आणि कँटीनच्या दारातून आत येताच नजर थेट छताकडं. एप्रिल महिना, सांगलीचा उन्हाळा, वर पत्रा आणि खाली चाळीस माणसं. मी टाइम ऑफिसचा माणूस. गिरणीत कोण किती वाजता आला, कोण गेला, कुणाची सुट्टी कधी, हे लिहून ठेवणं माझं काम. असल्या कार्यक्रमांच्या खुर्च्या आणि सतरंज्याही माझ्याच गळ्यात. मी म्हटलं, "मॅडम, उकडून मरतील की लोक."

"मरत नाही कुणी. माणूस खरं काय ते शेवटी सांगतो, आणि हळू सांगतो. नेमकं तेवढंच वाक्य पंखा खातो."

मी बटण दाबलं. चाळीस जणांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू बोनस मीच बंद केलाय.

तुमच्याही ऑफिसात हल्ली अशी प्रशिक्षणं होत असतील. ताणतणाव, मनाचं आरोग्य, वगैरे. आमच्याकडं ती सुरू झाली कारण सूत घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकानं तशी अट घातली होती. तीन महिन्यांतून एकदा कामगारांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्या आणि त्याचे फोटो पाठवा. मॅनेजरसाहेबांचा मतलब फोटोंशी. साताऱ्याच्या एका संस्थेनं बाईंना पाठवून दिलं.

बाई पन्नाशीच्या. मूळच्या पाटणच्या, तिथं भावाचं शिवणाचं दुकान. आधी दवाखान्यात नर्स होत्या, ती नोकरी सोडून या कामात आल्या. साताऱ्यात एक खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि एसटीनं सातारा-सांगली दोन्ही जिल्हे पालथे घालायच्या. आज पोलीस ठाणं, उद्या साखर कारखाना, परवा हळदीच्या बाजारातले हमाल. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा एक नाव लिहून मी जे करून ठेवलं, तेच सांगायला बसलो आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली. 'जाऊ दे रं.' 'डोक्यात घेऊ नको.' 'देवावर सोड.' 'आमच्याकडं तर याहून वाईट हाय.' आणि सगळ्यात खाली, 'चहा घे.'

"समोरचा माणूस आपलं दुखणं सांगायला लागला, की ही पाच वाक्यं बंद," त्या म्हणाल्या.

मागून एकजण ओरडला, "मग बोलायचं काय, मॅडम? आमच्याकडं एवढीच हायती!"

सगळे हसले. बाईही पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "काही नाही बोलायचं. बसायचं. त्याचं संपलं असं वाटलं की विचारायचं, अजून काय? एवढंच."

पाचवं वाक्य माझ्यासाठीच लिहिलं होतं की काय, अशी मला शंका आली. टाइम ऑफिसात रडत आलेल्या, भांडत आलेल्या, रजा मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी चहा पाजतो. चहा आला की माणूस निम्मं विसरतो, हा माझा अनुभव. बाईंनी तो एका दिवसात ओळखला. जाताना म्हणाल्या, "दादा, दिवसाला किती जणांची तोंडं चहानं बंद करता?" मला राग आला होता. पण त्यांनी माझा चहा घेतला, तोही दोन कप.

मग जोड्या लावल्या. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. आमचा गेटवरचा वॉचमन फौजेतून आलेला, मिशीला पीळ देणारा गडी. तो तीन मिनिटं मेलेल्या म्हशीवर बोलला. समोरच्यानं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "अजून काय?" तर म्हशीचं नाव काढता काढता फौजीच्या तोंडून मुलाचं नाव निघालं. सात वर्षं घरी न आलेला मुलगा. पंखा बंद होता म्हणून ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. कुणी हसलं नाही. मी खिशातला रुमाल शोधत बसलो.

त्याच दिवशी रिंगफ्रेम खात्यातला आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, उठला. रिंगफ्रेम म्हणजे जिथं सुताला पीळ बसतो ते खातं. तिथं यंत्रांचा आवाज असा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तो म्हणाला, "आवं मॅडम, आमाला पंख्याचं काय सांगता? आमी व्हट बघून वळखतो. न्हाई तर हातानं बोलतो." आणि त्यानं एकेक खूण करून दाखवली. धागा तुटला. साहेब आला. पाणी दे. एक खूण होती, तळहात समोर ढकलायचा आणि मग एक बोट डोळ्याखाली टेकवायचं. म्हणजे, 'तू जा, तुझं मी बघतो.' शेजारच्याला तहान लागली, पोटात दुखलं किंवा नुसतंच बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं, की ही खूण करून त्याचं यंत्र आपण सांभाळायचं.

बाईंनी ती खूण तीन-तीनदा करून घेतली. म्हणाल्या, "हे तुमच्याकडं आधीचंच आहे की! मग मी साताऱ्याहून येऊन काय शिकवते?" त्या दिवसापासून त्या निरोप घेताना हात हलवायच्या नाहीत. एसटीच्या खिडकीतून तीच खूण करायच्या. जाणाऱ्या त्या आणि 'तू जा' म्हणणार आम्हाला. मला गंमत वाटायची.

त्या दर तीन महिन्यांनी येत राहिल्या. एकदा रमजानात आल्या. त्यांचा रोजा, पंखा बंद, आणि चार तास बोलणं. आमच्या लोकांनी त्यांच्यासमोर पाणी प्यायचं नाही असं आपापसात ठरवलं. बाईंच्या ते लक्षात आलं तशा त्या रागावल्या. "कुणाला भोवळ आली तर मलाच धावावं लागेल. प्या निमूट!" ईद झाल्यावर मुद्दाम डबा भरून शिरखुर्मा घेऊन आल्या. मॅनेजरसाहेबांना वाटीभर आणि वॉचमनला दोन वाट्या.

आता संपतचं सांगतो; हे नाव मी बदललंय. संपत माण तालुक्यातला, तिशीचा, रिंगफ्रेमवर कामाला. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको आणि लहान मुलगी घेऊन गिरणीमागं भाड्यानं राहायचा. एका प्रशिक्षणानंतर सगळे पांगले तरी तो खुर्च्या उचलत रेंगाळला. मी सतरंजी गुंडाळत होतो. बाई पिशवी भरत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, जेवान उतरंना झालंय. चार म्हैनं झालं."

बाई पिशवी ठेवून बसल्या. "अजून काय?"

"झोप न्हाई. कामावर याचं म्हणलं की छातीत धडधडतंय."

"अजून काय?"

त्यानं हातातली खुर्ची भिंतीला लावली. मग अगदी हळू म्हणाला, "पोरगी हसली तरी मला काय वाटत न्हाई, मॅडम."

हे त्याचं शेवटचं वाक्य. पंखा चालू असता तर मला ते ऐकूच आलं नसतं.

बाईंनी त्याला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. मनाचे डॉक्टर तिथं फक्त गुरुवारी बसायचे आणि संपतची आठवड्याची सुट्टी सोमवारी. त्या माझ्याकडं आल्या. "दादा, एवढी सुट्टी बदलून द्या. हा माणूस बरा होणारा आहे. उपचार सुटता कामा नये, एवढंच बघा."

एवढंच बघायचं होतं. आणि तेच मला जमलं नाही.

सुट्टी बदलणं माझ्या हातातलं काम. तक्ता करायचा, मॅनेजरची सही घ्यायची, गेटवरच्या फळ्यावर लावायचा. नाव, जुना वार, नवा वार, कारण. कारणाचा रकाना मी नोकरीत कधी कोरा सोडला नाही, आणि त्याचा मला अभिमान. बाकीचे 'घरगुती' लिहून मोकळे होतात, मी खरं कारण लिहितो. शिवाय बाईंनीच शिकवलं होतं, ताप आला तर आपण ताप आला म्हणतो, लपवत नाही, मग हेही तसंच सरळ सांगायचं. मला ते पटलं होतं. त्यांचा चांगला विद्यार्थी म्हणून, सुवाच्य अक्षरात, मी लिहिलं. 'मानसिक आजारावरील उपचारासाठी.' लिहिल्यावर बरंही वाटलं. आपल्या गिरणीत काहीतरी बदलतंय, असं वाटलं.

तक्ता फळ्यावर तीन दिवस होता.

कुणी वाईट वागलं, असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणालं, "काय गड्या, डोक्याचा डॉक्टर काय म्हणतोय?" जॉबरनं काळजीपोटीच त्याला यंत्रावरून काढून झाडलोटीला लावलं. "हात बीत आत गेला म्हंजी? जिवाला जपाय पायजे." संपतचा मेव्हणा आमच्याच पॅकिंग खात्यात होता. आठ दिवसांत सासरची माणसं आली आणि बायकोला, मुलीला घेऊन गेली. पुढच्या गुरुवारी संपत दवाखान्यात गेला नाही, कामावरही आला नाही.

दवाखान्यातून कळलं तशा बाई धावत आल्या. फळ्यावरून काढलेला तक्ता माझ्या टेबलावर पडला होता. त्यांनी तो वाचला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "दादा, हे कुणी लिहिलं?"

अक्षर माझं होतं, ते सगळी गिरणी ओळखते. तरी मी म्हणालो, "वरून जसं सांगितलं तसं लिहिलं, मॅडम."

ते खोटं होतं. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. बाई तशाच वर गेल्या. मॅनेजरसाहेबांनी तक्ता न वाचताच सही केली होती, ते असले कागद कधीच वाचत नाहीत. पण सही तर होती. बाई त्यांना काय बोलल्या ते सगळं मला कळलं नाही, खालपर्यंत आवाज मात्र आला. त्यांचा चढा आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. साहेबांनी संध्याकाळीच संस्थेला पत्र लिहिलं, की या बाईंना बोलण्याचं तारतम्य नाही. ते पत्र टाइप करायला माझ्याकडंच आलं, आणि मी टाइप केलं.

एका रविवारी बाई आणि मी संपतच्या गावाला गेलो. दहिवडीपर्यंत एसटी, पुढं जीप. गावाबाहेरच्या ओसाड माळावर चुलत्याच्या मेंढरांमागं तो उभा होता. निम्मा झाला होता. आम्हाला बघून पळाला नाही की चिडला नाही. झाडाखाली घोंगडं अंथरलं.

बाई म्हणाल्या, "संपत, दवाखान्यात मी येते सोबत. दर गुरुवारी येते. गाव सोडून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ, कुणाला कळणार नाही."

तो मेंढरांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमीच म्हणला हुता, ताप आल्यावानी सांगा म्हणून. म्या सांगितलं." घोंगड्यावरचा काटा काढून टाकत म्हणाला, "आता परत कुणाला काय सांगाय लावू नका."

बाईंनी 'अजून काय' विचारलं नाही. मी पहिल्यांदाच बघितलं, की त्यांना विचारता आलं नाही. चुलती कपबशा घेऊन आली. संपत म्हणाला, "चहा घ्या, मॅडम." बाईंनी बशी हातात घेतली आणि सगळा चहा पिऊन टाकला. माझ्याकडं संपतनं एकदाही बघितलं नाही. त्याला अक्षर ओळखता येत होतं.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी होत्या; दुसऱ्या दिवशी त्यांचं सांगलीतच काम होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन-अडीच तास होते, शेजारी बसलो होतो. मी तिकिटाची घडी घालत राहिलो. सांगली स्टँडवर उतरताना त्या म्हणाल्या, "दादा, चूक माझी आहे. सांगा म्हणून मी शिकवलं. ऐकणाऱ्यांना आधी शिकवायला हवं होतं." मी काय म्हणालो असेन? "जाऊ द्या मॅडम, डोक्यात घेऊ नका." पाचातली दोन वाक्यं एका दमात.

त्यानंतर त्या एकदाच आल्या. पिशवी तीच, चपला त्याच, पण नजर छताकडं गेली नाही. लोक वाट बघत होते. शेवटी जॉबरच म्हणाला, "मॅडम, पंखा?"

"असू दे. उकडतंय."

वर पंखा गरागरा फिरत होता आणि बाई फळ्यावर वाक्यं लिहीत होत्या. चारच लिहिली. पाचवं लिहायचं राहिलं. जोड्यांचा खेळ झाला, पण माणसं तीन मिनिटंसुद्धा बोलली नाहीत. संपतच्या प्रकरणानंतर जो तो म्हशीवर बोलत होता आणि म्हशीवरच थांबत होता.

कार्यक्रम संपल्यावर त्या टाइम ऑफिसात येऊन बसल्या. त्या अशा कधी स्वतःहून बसायच्या नाहीत. टेबलावरचा माझा रबरी शिक्का उचलला, उलटसुलट केला, परत ठेवला. म्हणाल्या, "दादा, मला हल्ली झोप लागत नाही."

तुम्ही वाचणारे सगळे आता मला ओरडून सांगाल, की विचार, अजून काय? मला माहीत होतं हो. दोन वर्षं मी तेच ऐकत खुर्च्या मांडल्या होत्या. पण मला भीती वाटली, की 'अजून काय' विचारलं तर तो तक्ता निघेल, माझं अक्षर निघेल. मी म्हणालो, "प्रवासाचा शीण असणार, मॅडम. थांबा, चहा घ्या."

त्या माझ्याकडं बघून थोडं हसल्या. चहा आला, त्यांनी घेतला, आणि साडेपाचच्या गाडीनं साताऱ्याला गेल्या.

पुढच्या खेपेला पुण्याहून एक चुणचुणीत तरुण आला. प्रोजेक्टर, रंगीत चित्रं, पंखा चालू. फोटो छान आले. मी त्याला बाईंबद्दल विचारलं. तो म्हणाला, त्यांनी काम सोडलंय, गावी असतात.

फोन लावला तर भावानं उचलला. "ती कुणाशी बोलत न्हाई आता. तुमी या पायजे तर."

डिसेंबरात पाटणला गेलो. थंडी अशी, की सकाळी एसटीच्या काचा पुसल्या तरी बाहेरचं दिसत नव्हतं. भावाच्या दुकानाला लागूनच घर. भाऊ गळ्यात मापाची टेप घेऊन उठला, आत घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "डॉक्टर बघत्यात, गोळ्या चालू हायत. बरी व्हईल म्हणत्यात. लोकांचे लय फोन याचे हो तिला, रातध्याड. आता फोन मीच ठेवतो." दारात थांबून जरा हळू म्हणाला, "आनी तेवढा पंखा बंद करू नका."

खोलीत बाई खाटेवर बसल्या होत्या. अंगावर शाल, पायांत लोकरी मोजे, आणि डोक्यावर पंखा पूर्ण वेगात. मला त्यांनी ओळखलं. "या दादा," म्हणाल्या. मी गिरणीचं काहीबाही सांगितलं. वॉचमनचा मुलगा येऊन भेटून गेला, तेही सांगितलं. त्या मान हलवत होत्या. संपतचं मी काही सांगू शकलो नाही. तो पुढं गावातल्या माणसांबरोबर मुंबईला गेला आणि त्यापुढं मला काही कळलेलं नाही.

मी ज्यासाठी गेलो होतो ते बोलायचं होतं. आणि ते या आवाजात कसं बोलायचं? भावानं सांगितलेलं विसरून मी उठलो आणि बटण बंद केलं. मला वाटलं, त्यांना आवडेल.

पंखा हळूहळू थांबला. खोली एकदम शांत झाली. बाईंनी दोन्ही हातांनी शाल घट्ट धरली.

"लावा तो, दादा."

"मॅडम, थंडी किती आहे."

"बंद केला की सगळ्यांचं ऐकू येतं."

मी पंखा लावला. खुर्चीवर बसलो. आणि मग सांगितलं. तो तक्ता मी लिहिला. वरून कुणी सांगितलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो आणि तुम्ही उगाच साहेबांशी भांडलात. ते पत्रही मीच टाइप केलं. सगळं एका दमात सांगितलं, अगदी हळू, जसं माणूस शेवटचं वाक्य सांगतो. वर पंखा घरघरत होता. माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं.

बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ओठ बघून ओळखायचं, हे जॉबरचं बोलणं त्यांच्या लक्षात असेल, तर त्यांना कळलं असेल. नसेल, तर नाही. मी वाट बघत राहिलो. त्यांनी विचारावं, अजून काय? मी भांड्यात पाणी ओतून त्यांच्या पुढ्यात ठेवलं, त्यांनी ते घेतलं नाही.

मग त्यांनी शालीतून हात बाहेर काढला. तळहात माझ्या दिशेनं हलकेच ढकलला, आणि एक बोट डोळ्याखाली टेकवलं. तू जा, तुझं मी बघते.

ती खूण मी करायची होती. त्या दिवशी टाइम ऑफिसात, त्या शिक्का हातात घेऊन बसल्या होत्या तेव्हा. आता माझा हात उचलला गेला नाही. मी सांगितल्यासारखा उठलो, चपला घातल्या आणि निघून आलो.